ओळ तोलून कशी लिहावी: अलंकार, यमक आणि छंद वापरताना

अलंकाराची नावं पाठ असतात, व्याख्याही येतात, तरी स्वतःच्या कवितेत ते नीट बसत नाहीत. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आधी उपमा सुचते आणि मग तिच्यासाठी जागा शोधली जाते. ओळीला काय हवं आहे हे आधी ठरलं पाहिजे. तिथं वस्तू डोळ्यांसमोर यायला हवी आहे, आवाज ऐकू यायला हवा आहे, ओळ तोंडात बसायला हवी आहे, की एखादी गोष्ट न सांगताच कळायला हवी आहे? उत्तर मिळालं की अवजार आपोआप ठरतं. कसोटी सोपी आहे. अलंकार काढून ओळ पुन्हा वाचा. काही कमी झालं नाही, तर तो तिथं नको होता.

एकच वस्तू, सात तऱ्हा

सुरुवात उपमेपासूनच करावी, कारण पुढचे निम्मे अर्थालंकार तिच्यातूनच निघतात. उपमेचे भाग चार: ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला साधारण धर्म, आणि सारखा, सम, परी, वाणी असा साधर्म्यवाचक शब्द.

मराठवाड्यातली उन्हाळ्यातली काळी जमीन घेऊ. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. दुष्काळावरच्या कवितांत ही भेगाळलेली जमीन इतक्यांदा आली आहे की नुसती ‘भेगाळली धरती’ वाचून आता काही दिसत नाही. पण उपमान घरातून आणलं तर पुन्हा दिसतं:

आजीच्या टाचेसारखी भेगाळली जमीन.

जमीन उपमेय, टाच उपमान, भेगा हा साधारण धर्म, सारखी हा शब्द. चारही भाग हजर, म्हणजे पूर्ण उपमा. आता हीच जोडी थोडी थोडी सरकवत नेऊ.

‘जमीन जणू आजीची टाच’ ही उत्प्रेक्षा. जणू, गमे, वाटे, भासे या शब्दांनी उपमेय हे जवळजवळ उपमानच आहे असं म्हटलं जातं. ‘जमीन ही आजीची टाच’ इथं ‘जणू’ही गेलं, दोन्ही एकच झाली, म्हणजे रूपक. ‘ही जमीन नव्हे, आजीची टाच आहे’ ही अपन्हुती, कारण उपमेय नाकारून उपमान पुढं केलं. ‘ही जमीन की आजीची टाच?’ हा ससंदेह. ‘आजीच्या टाचेहून खोल भेगा जमिनीच्या’ हा व्यतिरेक, यात उपमेय वरचढ ठरतं. आणि ‘जमीन आ वासून बसली’ म्हटलं की टाच बाजूला राहते, निर्जीव जमीन माणसासारखं वागू लागते. ही चेतनगुणोक्ती.

यातली कुठली निवडायची, हे कवितेच्या आवाजावर ठरतं. उपमा शांतपणे दाखवते. रूपक ठामपणे सांगतं, म्हणून ते कवितेच्या मध्यात किंवा शेवटी जास्त शोभतं, जिथं वाचकाची त्या वस्तूशी ओळख झालेली असते. अपन्हुतीत नकार असतो, त्यामुळं तिला नाट्य लागतं. रोजच्या साध्या गोष्टीवर ती लादली की ओळ भाषणासारखी वाटते. व्यतिरेक मोजूनमापून वापरावा, कारण दर कडव्यात एक गोष्ट दुसरीपेक्षा मोठी ठरू लागली की वाचकाचा विश्वास उडतो.

सगळ्यात जास्त चुका रूपकात होतात, आणि त्या पहिल्या ओळीत दिसत नाहीत, दुसरीत दिसतात. जमीन टाच झाली, तर पुढच्या ओळीत जे येईल ते पायाचं असावं: कोकमतेल, काटा, जोडवी, अनवाणी चाल. ‘या टाचेला यंदा तेलाचं बोट लागलं नाही’ हे जमतं, पाऊस हा शब्दही उच्चारावा लागत नाही. पण ‘या टाचेच्या डोळ्यांत पाणी’ म्हटलं की चित्र फुटतं, कारण टाचेला डोळे नसतात. रूपक घेतलं की कागदाच्या कडेला त्या वस्तूशी जोडलेले आठ-दहा शब्द लिहून ठेवावेत आणि पुढच्या ओळी त्यातूनच काढाव्यात.

लांबवर चालणारं रूपक कसं सांभाळायचं, हे पैठणच्या एकनाथांच्या भारुडांतून शिकता येतं. तिथं विंचू म्हणजे कामक्रोध, पण विंचवाचा विंचूपणा कुठं सुटत नाही: नांगी आहे, वेदना आहे, उतारा आहे. वरचा अर्थ ऐकणाऱ्याला हसवतो आणि आतला सोबत चालत राहतो. वरची गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. ती लंगडली की आतला अर्थही पडतो.

कानाचे अलंकार

अनुप्रास म्हणजे एकाच वर्णाची पुनरावृत्ती. तो पटकन जमतो आणि पटकन हाताबाहेर जातो. ‘काळ्या काळजाची काळी काळजी’ असल्या ओळीत नुसता ‘क’ ऐकू येतो, अर्थ कुठल्या कुठं. आता ही बघा:

गडगडत गेली बैलगाडी गढीकडं.

ग, ड आणि ढ हे जड वर्ण आहेत, दगडी वाटेवरून चाकं जावीत तसे. वर्ण आणि वस्तू यांचा आवाज जुळतो, म्हणून पुनरावृत्ती खटकत नाही. एका ओळीत ठळक वर्ण तीन-चार वेळा पुरे, तोही महत्त्वाच्या शब्दांवर. मुद्दाम वेग आणायचा असेल तर गोष्ट वेगळी. औरंगाबादचे अमृतराय यांच्या कटावांत, म्हणजे वेगानं म्हणायच्या लांब रचनांत, अनुप्रास आणि यमक धो धो कोसळतात, पण ती रचना कीर्तनात म्हणण्यासाठी आहे. कागदावर वाचायच्या छोट्या कवितेत तेवढा भार पेलत नाही.

श्लेष आणि यमक यांत गल्लत होते, म्हणून एकाच शब्दावर दोन्ही करून दाखवतो. ‘धार’ म्हणजे पात्याची धार, आणि दुधाची धारही.

विळ्याची धार तशीच, गाईची धार आटली.

शब्द दोनदा आला, दोन्हीकडं अर्थ वेगळा. जुन्या अलंकारशास्त्रात यमक याला म्हणतात. आता:

यंदा धार राहिली नाही, विळ्याला ना गाईला.

शब्द एकदाच आला आणि दोन अर्थ घेऊन आला, हा श्लेष. तो तपासायचा असेल तर शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवा. दुसरा अर्थ मेला तर शब्दश्लेष, टिकला तर अर्थश्लेष. इथं ‘धार’ऐवजी ‘तीक्ष्णता’ घातली की गाय ओळीतून निघून जाते.

रोजच्या बोलण्यात मात्र यमक म्हणजे ओळींच्या शेवटचा जुळणारा आवाज. तो निदान शेवटचा वर्ण आणि त्याआधीचा स्वर एवढा तरी जुळावा. माती-शेती हे यमक कच्चं, कारण फक्त ‘ती’ जुळते. माती-राती पक्कं. न आणि ण, ल आणि ळ, स आणि श यांची जोडी डोळ्याला चालते, कानाला चालत नाही.

मराठीत एक खास अडचण आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळं यमकाच्या जागेवर येतो-जातो, करते-धरते अशी क्रियापदंच येऊन बसतात. असं यमक शब्दांचं नसतं, प्रत्ययांचं असतं, आणि चार ओळींतच कंटाळा येतो. उपाय म्हणजे क्रियापद ओळीच्या मध्ये ओढून शेवट नामावर करणं. ‘आभाळातून पाऊस येतो’ऐवजी ‘येतो आभाळातून पाऊस’ केलं की शेवटी ‘पाऊस’ राहिला, आता ‘हाऊस’, ‘जाऊस’ असे शब्द हाताशी येतात. आणखी एक युक्ती: जोडीतला एक शब्द सहज आलेला आणि दुसरा ओढून आणलेला असेल, तर ओढलेला आधीच्या ओळीत ठेवा आणि सहज आलेला नंतर. उलट केलं की यमकासाठी शब्द आणला हे लगेच कळतं.

अक्षरं मोजणं

इथं थोडा वेळ द्यावा लागेल. मुक्तछंद लिहिणाऱ्यांनीही हे एकदा हाताखालून घालावं, कारण मुक्तछंदाची लय बिघडते कुठं हे ओळखायला मोजणीचा कानच लागतो.

सगळ्यात सोपा अक्षरछंद, आणि त्यातही अभंग. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई ही सगळी मंडळी याच मापात बोलली. मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार चरण, अक्षरं 6, 6, 6, 4. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. उदाहरणासाठी:

काळी माझी माती । पावसाची वाट ।
पाहताना दाट । आले ढग ॥

बोटांवर मोजा: का-ळी-मा-झी-मा-ती सहा, पा-व-सा-ची-वा-ट सहा, पा-ह-ता-ना-दा-ट सहा, आ-ले-ढ-ग चार. लिहिलेलं प्रत्येक अक्षर एक धरायचं, शेवटचं अकारान्त अक्षर बोलताना अर्धं ऐकू आलं तरीही. जोडाक्षर एकच: ‘गोदावरीच्या’ म्हणजे पाच. नव्या माणसाची मोजणी चुकते ती बहुतेक या दोन ठिकाणी. ‘वाट’ कानाला एक वाटते म्हणून तो एक अक्षर जास्तीचं घालतो आणि म्हणताना टाळ चुकतो.

लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक:

आज येळवस रानी । कोप सजे कडब्यानी ॥

लातूर-धाराशिवकडच्या वेळा अमावस्येचं, म्हणजे येळवशीचं, हे चित्र; कोप म्हणजे कडब्याची खोपी. दुसरा चरण ‘कोपीमधी वाजे गाणी’ असा केला तरी अक्षरं आठच भरतात, पण रानी-गाणी यांत न आणि ण घासतात. म्हणताना तिथंच जीभ अडखळते.

ओवीचा ढाचा वेगळा. ग्रंथातल्या ओवीला चार चरण, पहिल्या तिन्हींचं यमक, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्या सैल. जात्यावरची ओवी त्याहून मोकळी आहे आणि जात्याच्या फेऱ्यावर चालते:

जोंधळ्याचं दळण, पीठ पडं भुरूभुरू
सांग माझ्या माय, आता कुणापाशी झुरू

पहिल्या ओळीत हातातलं काम, दुसरीत मनातली गोष्ट. दोन्हींना जोडणारा ‘जसं-तसं’ असा शब्द कुठंच नाही. भुरूभुरू आणि झुरू एवढ्या एका आवाजावर दोन ओळी बांधल्या आहेत. यमक निव्वळ कानासाठी नसतं, ते अर्थही शिवतं, हे इथं दिसतं.

अक्षरगणवृत्ताला मात्र लघु-गुरू हवेत, म्हणजे आखूड आणि लांब अक्षरांचा ठरलेला क्रम. नियम थोडकेच आहेत. अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर लघु, त्याची मात्रा 1. दीर्घ स्वराचं, अनुस्वाराचं किंवा विसर्गाचं अक्षर गुरू, मात्रा 2. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते मागचं अक्षरही गुरू. हा आघात कानानं ठरवायचा: ‘पुस्तक’मधल्या ‘पु’वर तो येतो, ‘उन्हाळा’तल्या ‘उ’वर किंवा ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर येत नाही. तीन-तीन अक्षरांचे आठ गण ‘यमाताराजभानसलगं’ या एका सूत्रात आहेत. जो गण हवा ते अक्षर आणि पुढची दोन घ्या. य म्हणजे यमाता: लघु, गुरू, गुरू.

भुजंगप्रयातात असे चार य, एकूण 12 अक्षरं, 20 मात्रा:

उन्हाळ्यात गेले नदीचेच पाणी

उ-न्हा-ळ्या, त-गे-ले, न-दी-चे, च-पा-णी. चारही गट लघु-गुरू-गुरू. आता हीच गोष्ट विहिरीवर करायला जा: ‘विहिरीस पाणी न राही उन्हाळी’. वि-हि-री हा गट लघु-लघु-गुरू झाला, वृत्त पहिल्याच पावलाला मोडलं. इथं बरेच जण ‘विहीरीस’ लिहून मोकळे होतात. तो शुद्धलेखनाचा बळी आहे, आणि वाचणाऱ्याला तो दिसतो. त्यापेक्षा शब्दच बदला. मराठवाड्यात विहिरीच्या शेजारी ‘आड’ हा शब्दही आहे:

पहा कोरडा आड गावात झाला

प-हा-को, र-डा-आ, ड-गा-वा, त-झा-ला. ऱ्हस्व-दीर्घ ओढाताण न करता ओळ बसली, आणि ‘आड’ या शब्दानं गावही आलं. वृत्त अडलं की मात्रा ताणण्याआधी त्या वस्तूची आपल्या भागातली दुसरी नावं आठवून बघावीत.

लांब वृत्तांत यतीही, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबाही, सांभाळावा लागतो. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरं आणि 12 व्या अक्षरावर थांबा. तिथं शब्दाच्या मध्यावर थांबावं लागलं तर तो यतिभंग. ही वृत्तं सुरुवातीला हातात घेऊ नयेत. आधी अभंग, मग भुजंगप्रयात, आणि मग पुढचं.

गझलेचं कुलूप

औरंगाबादला वली आणि सिराज यांच्यापासून गझलेची परंपरा आहे, त्यामुळं या भागात मराठी गझल लिहिणारे खूप, आणि काफिया चुकणारेही खूप. मतला, म्हणजे पहिला शेर, जे ठरवतो ते पुढं बदलता येत नाही. भुजंगप्रयातातलाच एक मतला बघा:

ढगांची कुठे आज चाहूल नाही
सुक्या अंगणी एक पाऊल नाही

शेवटी जसाच्या तसा येणारा ‘नाही’ हा रदीफ. त्याआधीचे चाहूल, पाऊल हे काफिये. त्यांच्यात ‘ल’च्या आधी सारखा राहिलेला ‘ऊ’ हा स्वर म्हणजे अलामत. पुढच्या शेरांच्या दुसऱ्या ओळीत फूल, चूल, भूल, हूल, मूल चालतील:

इथे बाभळीला तरी फूल नाही

पण मोल, बोल, कौल चालणार नाहीत. ‘ल’ आहे, अलामत मोडली. गझल लिहायला घेण्याआधी निदान आठ काफिये कागदावर उतरवा. पाच शेरांपुरते अर्थपूर्ण काफिये मिळत नसतील तर मतला बदला, कारण चौथ्या शेरापर्यंत पोचून मग मतला बदलायचा तर सगळंच उसवावं लागतं. प्रत्येक शेर एकटा उभा राहिला पाहिजे. ‘आणि’, ‘म्हणून’ अशा शब्दानं शेर सुरू होत असेल तर तो बहुधा मागच्या शेराच्या आधारानं उभा आहे.

न बोललेला अर्थ

शब्दाच्या तीन शक्ती सांगतात: अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणेत सरळ अर्थ अडतो आणि जवळचा दुसरा घ्यावा लागतो. व्यंजनेत सरळ अर्थ नीट चालतो, आणि त्याच्या मागून आणखी एक येतो. प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, ही सातवाहनांची राजधानी. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावरच्या महाराष्ट्री प्राकृत गाथा पुढच्या काव्यशास्त्रकारांनी व्यंजनेची उदाहरणं म्हणून पुन्हा पुन्हा घेतल्या, तेव्हा ही विद्या आपल्या अंगणातलीच आहे.

लक्षणा तर बोलण्यात रोज असते. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मुकादम कोयते मोजतो तेव्हा तो माणसंच मोजत असतो. बीडकडच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आता हा शब्द कवितेत असा ठेवला तर:

निघताना एक कोयता
परतताना अर्धा

लक्षणेनं जोडपं कळलं. आणि दोघं गेले, एकटाच परत आला, मधे काय झालं, हे व्यंजनेनं कळलं. मरण हा शब्द नाही, रडणं नाही, ऊस हा शब्दसुद्धा नाही. इथं तिसरी ओळ ‘काळानं घाला घातला’ अशी घातली की कविता संपते. व्यंजना मरते ती नेहमी पुढच्या समजावणाऱ्या ओळीनं. म्हणून कवितेतली सगळ्यात जास्त समजावून सांगणारी ओळ शोधा आणि तिच्यावर बोट ठेवून बाकीची कविता वाचा. दहापैकी आठ वेळा ती ओळ नको असते. आणि धंद्यातला शब्द बाहेरच्या वाचकाला कळेल का अशी भीती वाटत असेल, तर कवितेच्या शीर्षकात ‘ऊसतोड’ एवढं आणा. कवितेच्या आत खुलासा करू नका.

बोलीची मोजणी

मराठवाडी बोलीत लिहिताना एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘करीत आहे’ आणि ‘करायलंय’ दोन्ही पाच अक्षरी. अभंगात एकाच्या जागी दुसरं घातलं तर काही बिघडत नाही. पण मात्रा मोजल्या तर पहिल्याच्या 8 होतात, दुसऱ्याच्या 7. मात्रावृत्तात किंवा गणवृत्तात ही अदलाबदल ओळ मोडते. दुसरं, बोली अर्धी वापरू नये. एका ओळीत ‘करायलंय’ आणि पुढच्या ओळीत ‘करीत असतो मी’ आलं की कवितेत दोन माणसं बोलू लागतात. कोण बोलतंय हे एकदा ठरवा, मग क्रियापदं सगळी त्याच माणसाची. नामांचं तसं नाही. जोंधळा, आड, कोप, दावण हे शब्द प्रमाण मराठीच्या ओळीतही ताठ उभे राहतात.

दुरुस्ती कुठल्या क्रमानं

पहिला खर्डा झाला की एक दिवस तसाच ठेवा. मग कागदावर तीन वेळा फिरा, दर वेळी एकाच गोष्टीसाठी. पहिल्या फेरीत फक्त चित्रं: प्रत्येक उपमेचं उपमेय-उपमान अधोरेखित करा, एका कडव्यात दोन वेगळी रूपकं भांडत असतील तर एक काढा. दुसऱ्या फेरीत फक्त ओळींची शेवटची टोकं: किती क्रियापदं आहेत मोजा, निम्म्याहून जास्त असतील तर ओळी फिरवा. तिसऱ्या फेरीत मोजणी: लघुवर अर्धचंद्र, गुरूवर आडवी रेघ, आणि गट तिरप्या रेघेनं वेगळे. तिन्ही एकदम करायला गेलं की मोजणी जिंकते आणि चित्र हरतं, कारण आकडा चुकला की लगेच दिसतो, रूपक चुकलं की दिसायला वेळ लागतो.

शेवटी मोठ्यानं वाचा, किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जिथं श्वास नको तिथं तुटतो, जिथं एखादा शब्द आपण नकळत वेगळाच म्हणतो, तिथं खूण करा. तोंडानं जो शब्द आपोआप बदलला, तो बहुतेक वेळा बरोबर असतो. कागदावर तोच घ्या आणि मात्रा पुन्हा मोजा.